भीड आणि बर्फ

आर्थर कॉनन डॉईल यांची विजार मार्च १८९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बर्फाळ उतारावर झिजली. हॅरिस ट्वीडचं कापड कधी विरत नाही, असं त्यांच्या शिंप्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. शेरलॉक होम्सच्या जनकाने बसल्या बसल्या घसरत ते तपासून पाहिलं आणि उरलेला दिवस शक्यतो भिंतीकडे पाठ करून काढला. पत्नीला क्षय झाल्यामुळे हवापालट म्हणून हे कुटुंब दावोसला राहत होतं. तिथल्या टोबियास आणि योहानेस या ब्रांगर बंधूंनी आदल्या वर्षी मायेनफेल्डर फुर्गा ही २,४४० मीटर उंचीची खिंड स्कीवरून ओलांडून पलीकडचं आरोझा गाठलं होतं. स्की ही तेव्हा नॉर्वेकडून आलेली नवलाई. लोक हसतात म्हणून हे दोघे अंधार पडल्यावर सराव करत, असं सांगतात. डॉईल त्यांच्याबरोबर निघाले, आरोझाला पोचले आणि वर्षअखेरीस ‘स्ट्रँड’ मासिकात या सफरीवर लेख लिहून मोकळे झाले. आरोझाच्या हॉटेलात नोंदवहीत व्यवसाय लिहायचा होता, तेव्हा टोबियासने त्यांच्या नावापुढे आपल्या जर्मन वळणाच्या स्पेलिंगात ‘स्पोर्ट्समन’ असं ठोकून दिलं.

पहाटे निघायचं, मित्रांबरोबर एखादी खिंड किंवा शिखर चढायचं, पलीकडे उतरायचं आणि रात्री आपल्या घरी झोपायचं. सव्वाशे वर्षांत या खेळाचा आराखडा फारसा बदललेला नाही. स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळणे, दाबून सपाट केलेल्या उतारपट्ट्या आणि गॉगलवाली गर्दी येते. स्की-टूरिंगमध्ये यातलं काहीच नसतं. चढायचं स्वतःच्या पायांनी. कोणी उतार तपासलेला नसतो, कोणी पाटी लावलेली नसते. आपण सह्याद्रीत ट्रेकला जातो तसंच, फक्त पायांखाली सरकणारी जमीन असते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघे डॉईलच्या त्या वाटेवर निघालो. मी मूळचा साताऱ्याचा, आता झुरिकला नोकरी करणारा. एक बर्नवाला, डोंगरातच वाढलेला. एक पोलिश सहकारी, दमायचं नाव न घेणारा. आणि नागपूरची एक मैत्रीण, जिचा स्कीवरचा हा तिसराच हिवाळा. दावोसच्या पुढच्या फ्राउएनकिर्ख या छोट्या स्टेशनावर लाल गाडीतून उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. आरोझाच्या एका खानावळीत दुपारी दोनचं टेबल पोलिश सहकाऱ्याने आधीच राखून ठेवलं होतं. आरोझाहून परतीची तिकिटंही काढलेली होती. हे दोन तपशील लक्षात असू द्या.

चढण्याची युक्ती स्कीच्या पोटाशी असते. तिथे लावायच्या पट्टीला इथे सगळे ‘फेल’ म्हणतात, म्हणजे कातडं. पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे. आता अंगोरा बकरीच्या केसांची, नायलॉनची, नाहीतर दोन्हींच्या मिश्रणाची असते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की केस उभे राहतात. तत्त्व एवढंच. स्की पुढे सरकताना केस आडवे पडतात, मागे घसरू लागली की बर्फात रुततात. पट्टीच्या दुसऱ्या बाजूला एक चिवट डिंक असतो, जो काढला-लावला तरी पुन्हा चिकटतो. माथ्यावर वाऱ्यात पट्टी सोलून काढताना ती हमखास स्वतःलाच चिकटते आणि मग दोघांनी दोन टोकं धरून रस्सीखेच करावी लागते.

दुसरी युक्ती बुटाशी. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना जखडलेली. इन्सब्रुकच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात यावर जो उपाय काढला तो आज जगभर चालतो. बुटाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना दोन खळगे आणि त्यांत चिमट्यासारखी अडकणारी दोन टोकं. पूर्वीच्या अवजड लोखंडी सांगाड्यांपुढे हे प्रकरण खेळण्यासारखं दिसतं.

सरळ चढता येत नाही असा उतार आला की नागमोडी जायचं. प्रत्येक वळणावर ‘श्पिट्झकेहरं’ नावाची एक कसरत करावी लागते. खालची स्की घट्ट रोवायची, वरची उचलून जवळजवळ उलट दिशेला ठेवायची. या क्षणी एक पाय पूर्वेला, दुसरा पश्चिमेला आणि माणूस भरतनाट्यमच्या मंडीत. मग मागे राहिलेल्या पायाची टाच झटकायची, की त्या स्कीचं नाक वर उचललं जातं आणि ती वळून येते. झटकायला विसरलं की नाक बर्फात अडकतं आणि पुढचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. नागपूरकरीण पहिल्या तीन वळणांवर पडली, चौथ्याला तिने टाच झटकली आणि ‘जमलं!’ म्हणून ओरडली. तो आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला.

वेळेचा हिशेब इथल्या वाटाड्यांनी सोपा करून ठेवला आहे. शंभर मीटर चढ म्हणजे एक एकक, एक किलोमीटर चाल म्हणजेही एक एकक, आणि तासाला चार एककं. फ्राउएनकिर्ख १,५०५ मीटरवर, खिंड २,४४० वर, मधली चाल पाच-सहा किलोमीटर. पंधराला चाराने भागा: पावणेचार तास. पायांचं गणित एवढं सरळ आहे. बर्फाचं तसं नाही.

बर्फ अभ्यासायचा असेल तर दावोसइतकं योग्य गाव नाही. गावाच्या वर वाइसफ्लूयोख नावाचा माथा आहे. तिथे १९३६ मध्ये एका लाकडी खोपटात हिमसंशोधन सुरू झालं. त्यातून वाढलेली एसएलएफ ही संस्था १९४५ पासून देशभरासाठी हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते. आता हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला तो येतो आणि सकाळी आठला सुधारून पुन्हा येतो. धोक्याच्या पाच पातळ्या १९९३ पासून साऱ्या युरोपात एकसारख्या आहेत. त्या दिवशी पातळी होती तीन, ‘लक्षणीय’.

या तीनने आजवर फार माणसं खाल्ली. पाचापैकी तीन म्हटलं की आपल्या डोक्यात साठ टक्के, फर्स्ट क्लास असलं काहीतरी उमटतं. चार-पाच असताना शहाणे घरी बसतात, एक-दोनला धोका तुलनेने कमी असतो. तीनला मात्र आभाळ निळं असतं, बर्फ ताजा असतो आणि बहुतेक उतार खरंच धरून ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातल्या साधारण तीसेक टक्के दिवसांना ही पातळी असते आणि हिमस्खलनातले जवळजवळ निम्मे मृत्यू त्याच दिवसांत होतात.

आता बर्फाच्या आत काय चालतं ते पाहू. मराठीत बर्फाला शब्द कमी. गोळ्याचा बर्फ, फ्रिजमधला बर्फ, आभाळातून पडणारा बर्फ, सगळा बर्फच. पण स्वयंपाकघरात आपल्याला कणाकणाला शब्द आहेत, तेच इथे कामाला येतात. पडताना असते ती पिठी. दोन दिवसांत दाबून बसतो तो रवा. वाऱ्याने घट्ट थापला की पापुद्रा, उन्हाने वितळून रात्री गोठला की खरपुडी. एका हिवाळ्याचा बर्फ म्हणजे असे थरावर थर, चिरोट्यासारखे. चिरोट्यात जसे सगळे पदर सारखे चिकटलेले नसतात, तसे इथेही नसतात.

सगळ्यात वाईट थर सहसा तळाशी, गुपचूप तयार होतो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा उणे पंधरा असू शकते. थर दोन मीटर जाड असेल तर हा फरक हळूहळू वाटला जातो. थर पन्नास सेंटिमीटरच असेल तर तेवढाच फरक एवढ्याशा जाडीत कोंबला जातो. मीटरमागे दहा अंशांपेक्षा जास्त फरक पडू लागला की खालच्या उबदार कणांतून वाफ निघते, वर चढते आणि थंड कणांना बिलगून गोठते. बारीक कण संपत जातात, मोठे टोकदार कण वाढत जातात. आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे चिकटपणा नसलेली साखर उरते, पुढे तिचा कोरडा साबुदाणा होतो. हातात घेतला तर बोटांतून ओघळतो, गोळा होत नाही. म्हणून बर्फ कमी पडलेला हिवाळा सुरक्षित, हा समज उलटा आहे. डिसेंबरात पातळ थर पडला, मग कोरडी थंडी आली आणि जानेवारीत त्यावर मोठा हिमपात झाला, की साबुदाण्यावर फळी ठेवल्यासारखी अवस्था होते.

दुसरा नाजूक थर फारच देखणा असतो. निरभ्र, शांत रात्री हवेतली वाफ बर्फाच्या पृष्ठावर थेट गोठून पिसांसारखे स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात ते चमचमतात, लोक फोटो काढतात. मग त्यावर बर्फ पडला की ही पिसं उभ्याची उभी गाडली जातात.

वर फळी लागते, ती वारा बनवतो. पश्चिमेचा वारा डोंगराच्या धारेवरून बर्फ उचलतो आणि पूर्वेच्या आडोशाला नेऊन टाकतो, घट्ट, सलग. आमची वाट दावोसकडून पश्चिमेला चढत होती, म्हणजे समोरचे उतार पूर्वेकडे तोंड केलेले. आदले दोन दिवस पश्चिमेचा वारा होता. अंदाजात तो लिहिलेला होता, आम्ही चौघांनी तो वाचला होता आणि ‘वर जाऊन बघू’ असं म्हटलं होतं. स्विस नकाशावर तीस अंशांपुढचे उतार रंगवलेले असतात: पिवळा, मग केशरी, मग लाल. अशा फळ्या बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांतच सुटतात. तिसाच्या खाली घसरण्याइतकी ओढ नसते, फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही. गंमत अशी, की स्की करायला सगळ्यात मजा येते तेही नेमके हेच उतार.

स्टाफेलआल्पची लाकडी घरं मागे पडली, झाडं संपली. बर्नवाला पुढे, मी दुसरा. खिंड दिसत होती, अजून तासाभराची. एका सपाट जागी पाणी प्यायला थांबलो आणि पायाखाली आवाज झाला: धप्प.

तो आवाज मोठा नसतो. खोलीत कोणीतरी जाड गादी जमिनीवर टाकावी तसा. पण त्याबरोबर आपण बोटभर खाली जातो, सगळं मैदानच खाली जातं आणि आवाज आपल्यापासून दूर पळत गेल्यासारखा वाटतो. साबुदाण्याचा थर मोडला आणि मोड पसरत गेली, असा त्याचा अर्थ. सपाटीवर होतो म्हणून काही घसरलं नाही. तीच मोड वरच्या उतारापर्यंत पोचली तर उतार आपल्यावर येतो. म्हणजे खाली उभं राहूनही वरचं हिमस्खलन सोडता येतं. माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग दहा-बारा मीटर गेलेली दिसली.

कोणीच काही बोललं नाही. बर्नवाल्याने वर पाहिलं. पोलिश सहकाऱ्याने घड्याळ पाहिलं. समोर, उजवीकडून, आदल्या दिवसाचा एक ताजा माग होता, थेट खिंडीत गेलेला. आणि नागपूरकरीण माझ्याकडे बघून म्हणाली, “मी तर नाही जात बा.”

ती मराठीत बोलली होती, त्यामुळे भाषांतर माझ्याकडे आलं. मी काय केलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी इतर दोघांना इंग्रजीत सांगितलं की ती म्हणते, थोडा विचार करू या का. तिचा नकार मी वाटेत मऊ करून पोचवला. टेबल राखलेलं, तिकिटं काढलेली, बर्नवाला इतका जाणकार, समोर माग गेलेला, आणि ‘आमच्या मैत्रिणीला भीती वाटते’ असं कोणाला वाटायला नको. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. इथे ती भिकेपाशी थांबत नाही.

हे माझ्या एकट्याच्या स्वभावाचं प्रकरण असतं तर मी लिहिलं नसतं. इयान मॅकामन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांचे तपशील चाळले. कितीतरी गटांसमोर धोक्याच्या खुणा ढळढळीत होत्या, काहींचं तर हिमस्खलनाचं रीतसर शिक्षण झालेलं होतं. तरी ते गेले. का गेले याची त्याने यादी केली: ओळखीची जागा, ठरवलं ते पार पाडायची ओढ, कौतुक मिळवायची इच्छा, गटातल्या जाणकारावरचा भाबडा विश्वास, दुसऱ्यांनी पाडलेले माग, संधी हातची जाईल ही घाई. माझी यादी त्या सपाटीवर उभी होती, जवळजवळ शब्दशः. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी दहातल्या नऊंच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडलेलं असतं. आल्प्समधल्या एका अभ्यासात दोघांच्या गटापेक्षा चार किंवा अधिकांच्या गटाला धोका जास्त दिसला. वजन वाढतं हे एक कारण असेल. पण माणसं वाढली की ‘नाही’ म्हणायची जबाबदारी वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी येत नाही, असं मला वाटतं.

याचं सगळ्यात हेलावून टाकणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीक नावाच्या उतारावर सोळा जण एकत्र निघाले. पट्टीचे स्कीपटू, या धंद्यातली माणसं, स्थानिक जाणकार. तिघे गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुढे त्यावर जो दीर्घ वृत्तांत केला, ज्याला पुलित्झर मिळालं, त्यात वाचलेल्यांची कबुली वाचवत नाही. इतके लोक एका उतारावर नकोत असं त्यांच्यातल्या काहींना वाटलं होतं. पण इतके जाणकार सोबत असताना आपण काय बोलायचं?

आपल्याकडे गुलमर्गला गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवतच्या अंगावर उतरणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या वाढते आहे, आणि त्यांतले थोडे का होईना स्की शिकू लागले आहेत. राखलेल्या पट्ट्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तिथेही हेच गणित लागू होतं. हिमालयातल्या हिमस्खलनांचा अभ्यास करणारी लष्करी संशोधनाची संस्था १९६९ पासून मनालीत होती, २०२० मध्ये ती डीजीआरई या नव्या संस्थेत विलीन झाली. अंदाज तिथेही निघतो. वाचायचा मात्र आपल्यालाच.

मित्रांमुळे माणूस अडकतो हे खरं, पण अडकल्यावर वाचवणारेही तेच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. त्यानंतर श्वासापुढची हवा संपते आणि अर्ध्या तासापर्यंत हा आकडा तिसाजवळ कोसळतो. रेगा ही स्विस हवाई बचावसेवा १९५२ पासून आहे, १४१४ फिरवला की हेलिकॉप्टर निघतं. तरी दहा मिनिटांत ते क्वचितच पोचतं. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र असतं, ४५७ किलोहर्ट्झवर ठोके पाठवणारं. असलं पहिलं वापरण्याजोगं यंत्र जॉन लॉटनने १९६८ मध्ये अमेरिकेत बनवलं. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं ऐकण्यावर टाकतात, आवाजाच्या मागे जातात, मग अडीच मीटरची घडीची काठी खुपसून पाहतात, मग फावडी. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ सिमेंटसारखा आवळतो. मीटरभर खोल माणसापर्यंत पोचायला टनभर तरी उपसावा लागतो. सकाळी स्टेशनाबाहेर आम्ही चौघांनी एकमेकांची यंत्रं तपासली होती, हसत-खिदळत. सपाटीवर ते आठवलं तेव्हा मी मनात मोजलं: एक गाडला गेला तर उपसायला तीन फावडी. दोन गाडले गेले तर दोन.

नागपूरकरणीने माझं इंग्रजी ऐकलं होतं. तिला ते पटलं नाही. ती बर्नवाल्याकडे वळली आणि तिला येणाऱ्या मोजक्या जर्मन शब्दांपैकी सर्वांत लहान शब्द वापरला: “नाइन.”

बर्नवाल्याने खांदे सैल सोडले. “बरं झालं,” तो म्हणाला, “मीही तेच म्हणणार होतो.” कधी म्हणणार होता, हे मी विचारलं नाही. त्याच्या घरात, म्हणे, सगळ्यात नवख्याला आधी बोलू देतात आणि एकाचा नकार पुरतो. हा नियम त्याने आम्हाला सकाळी सांगायला हवा होता, आणि तो त्याने सांगितला नव्हता, हेही त्याने कबूल केलं.

पट्ट्या सोलल्या, टाचा जखडल्या. झाडांमधून, पंचवीस अंशांच्या आतल्या उतारावरून, एकेक करून उतरलो. चांगला बर्फ होता. पोलिश सहकारी गप्प होता, पण तिसऱ्या वळणानंतर तोही ओरडू लागला.

स्टाफेलआल्पला सूप घेत बसलो होतो तेव्हा खिंडीच्या बाजूच्या उतारावर तिघे जण दिसले. वळणं घेत वर गेले, पलीकडे नाहीसे झाले. उतार हलला नाही. या खेळात हीच सगळ्यात मोठी पंचाईत आहे. चूक केली आणि काही झालं नाही, तर ती बरोबर वाटू लागते. परत फिरलं तर आपण बरोबर होतो की नाही हे कधीच कळत नाही. त्या तिघांनी कोणती वाट धरली, त्यांच्या पायांखाली काय होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पोलिश सहकारी त्या मागांकडे बराच वेळ बघत राहिला.

मग त्याने आरोझाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला, कारण जर्मन माझं त्याच्यापेक्षा बरं. दोनचं टेबल, चौघांचं, रद्द करायचं आहे, म्हटलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, फुर्गावरून येणार होता का. हो, म्हटलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून हा तिसरा फोन.”